चार बोल्ट आणि एक खुर्ची

या वेळचं पत्र नाशिकहून आलंय. थोडं कापून देते:

"ताई, मी २४ वर्षांची. मेकॅनिकलची पदवी झाली. दोन वर्षं अंबड एमआयडीसीत विमानाचे छोटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर सीएमएमवर, म्हणजे मापं घेणाऱ्या मशीनवर, पार्ट मोजायचे आणि कागद भरायचे. बाबा ओझरच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. लहानपणी मिग डोक्यावरून गेलं की मांडणीतली भांडी वाजायची. मला विमान बनवणाऱ्या कंपनीची प्रमुख व्हायचंय. मामाकडे हे बोलले तर सगळे हसले. मामेभाऊ म्हणाला, आधी लाइन लीडर तरी हो. अमेरिकेत जाऊन एमएस करू, कॅट देऊन एमबीए करू, की एचएएलची परीक्षा देऊ? आणि मुळात असं कुणाचं होतं का? की मलाच वेड लागलंय? – कागद भरणारी"

कागद भरणारे,

मामेभावाला एका दाराची गोष्ट सांग. ५ जानेवारी २०२४ ला अमेरिकेत पोर्टलंडहून अलास्का एअरलाइन्सचं ७३७ मॅक्स ९ उडालं आणि काही मिनिटांतच, सोळा हजार फुटांच्या आसपास, डाव्या अंगाचा एक तुकडा निखळून खाली गेला. जिथे जादा दाराची गरज नसते तिथे भोक बुजवायला जे झाकण बसवतात ते. डोअर प्लग म्हणतात त्याला. नेमक्या त्याच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, म्हणून माणसं वाचली. तपासात निघालं की प्लग जागेवर धरून ठेवणारे चार बोल्ट बसवलेलेच नव्हते. हे विमान बनवणाऱ्या बोइंग कंपनीच्या रेंटनच्या कारखान्यात शेजारचे काही रिव्हेट दुरुस्त करायचे होते, त्यासाठी प्लग उघडला, काम झाल्यावर बंद केला आणि बोल्ट राहून गेले. प्लग उघडला होता याची नोंदच कुठे नव्हती. नोंद नाही म्हणून तपासणी नाही. इन्स्पेक्टर तरी काय तपासणार?

२५ मार्चला कंपनीचे सीईओ डेव्ह कॅल्हून यांनी पद सोडणार असल्याचं जाहीर केलं आणि ऑगस्टात केली ऑर्टबर्ग त्या खुर्चीत आले. एवढ्या मोठ्या कंपनीत फक्त चार बोल्टांनी माणूस जात नाही, मागचं बरंच साचलेलं होतं, हे मान्य. पण तू रोज ज्या कागदाला वैतागतेस तो कागद नसला की वरपर्यंत काय हलतं, हे तुला एमबीएच्या वर्गात कुणी इतकं नीट शिकवणार नाही.

आता माझी ओळख. तुला मोठमोठ्या नावांबद्दल सांगणार, तर मी कोण ते आधी सांगायला हवं. भोसरीत एका पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात मी तीस वर्षं काढली. ट्रेनी म्हणून गेले, शेवटची सात वर्षं युनिट हेड होते. त्याच्या वर गेले नाही. का गेले नाही ते पुढे सांगते, त्यात दोष माझाच आहे.

असं कुणाचं होतं का? होतं. मॅरिलिन ह्यूसन १९८३ मध्ये अमेरिकेत जॉर्जियातल्या मॅरिएटाच्या, लॉकहीड या विमान कंपनीच्या कारखान्यात इंडस्ट्रियल इंजिनिअर म्हणून लागल्या. शिक्षण बिझनेसचं आणि अर्थशास्त्राचं. त्या नऊ वर्षांच्या असताना वडील गेले, आईने पाच मुलं वाढवली. तिथून त्या कंपनीच्या एकेका तुकड्याच्या प्रमुख होत गेल्या. कधी सॅन अँटोनियोत इंजिनांच्या दुरुस्तीचं केंद्र, कधी न्यूयॉर्क राज्यातल्या ओवेगोचं युनिट. जानेवारी २०१३ मध्ये त्या लॉकहीड मार्टिनच्या सीईओ झाल्या. गंमत म्हणजे ती खुर्ची त्यांच्यासाठी ठरलेलीच नव्हती. दुसऱ्याचं नाव जाहीर झालेलं होतं. कंपनीतल्याच एका व्यक्तीशी त्याचे संबंध असल्याचं उघड झालं, नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला आणि ह्यूसन पुढे आल्या. हे नशीब म्हण हवं तर. पण त्या दिवशी बोर्डाने ज्या माणसांकडे वळून पाहिलं, त्यांच्यात त्या होत्या, कारण त्याआधीची कित्येक वर्षं त्यांनी कुठला ना कुठला अख्खा धंदा चालवून दाखवला होता.

तू बाई आहेस म्हणून मामाकडची मंडळी जास्त हसली असतील, तर त्यांना हेही सांग. २०१९ साली लॉकहीड मार्टिन, नॉर्थ्रॉप ग्रमन आणि जनरल डायनॅमिक्स या तिन्ही कंपन्यांच्या प्रमुखपदी बायका होत्या. ह्यूसन, कॅथी वॉर्डन आणि फीबी नोव्हाकोविच. क्षेपणास्त्रं, बॉम्बर, पाणबुड्या बनवणाऱ्या कंपन्या म्हणते आहे मी. पापड-लोणच्याच्या नव्हे. (पापडाचा उद्योगही सोपा नसतो, पण मामाला ते कळायचं नाही.)

आता डिग्रीबद्दल. इथे चहाच्या टपरीवर एक वाद कायम रंगतो. विमान कंपनी इंजिनिअरने चालवावी की हिशेबवाल्याने? बोइंगचं उदाहरण देऊन सगळे म्हणतात, हिशेबवाले आले आणि कंपनी बसली. ते अर्धंच खरं आहे. कॅल्हून यांचं शिक्षण अकाउंटिंगचं, हे बरोबर. पण त्यांच्या आधीचे डेनिस मुलनबर्ग पक्के इंजिनिअर. आयोवातल्या शेतकरी घरातला मुलगा, १९८५ ला इंटर्न म्हणून बोइंगमध्ये शिरला, २०१५ ला सीईओ झाला. तुला हवी आहे अगदी तशी चढण. आणि त्यांच्याच काळात मॅक्सचे दोन अपघात झाले, ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात आणि मार्च २०१९ ला इथिओपियात. ३४६ माणसं गेली आणि त्याच डिसेंबरात मुलनबर्ग यांना जावं लागलं. उलट, जेटचं प्रवासी विमान बनवायचं की नाही अशा पेचात १९५२ मध्ये कंपनीचे एक कोटी साठ लाख डॉलर एका नमुन्यावर लावणारे बिल ॲलन हे वकील होते. त्या नमुन्यातून पुढे ७०७ आलं. वकिलाने घेतलेला निर्णय! तेव्हा डिग्रीवरून माणूस ठरत नाही. आपल्याला काय कळत नाही हे जो ओळखतो आणि ते ज्याला कळतं अशा माणसाला केबिनमध्ये बोलावून, बसवून त्याचं ऐकतो, त्याच्या हाती कंपनी जरा बरी राहते, एवढंच मी भोसरीतून पाहिलं.

या सगळ्यांच्या प्रवासात मी एकच गोष्ट शोधत होते. कधी ना कधी, बहुतेकांच्या बाबतीत चाळिशीच्या आगेमागे, त्यांच्या नावावर एक अख्खी वस्तू आलेली असते. ऑर्टबर्ग मेकॅनिकल इंजिनिअर. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधून १९८७ ला विमानांची इलेक्ट्रॉनिक उपकरणं बनवणाऱ्या रॉकवेल कॉलिन्समध्ये आले ते प्रोग्राम मॅनेजर म्हणून. प्रोग्राम मॅनेजर म्हणजे काय, ते तुला माहीत असेल. गिऱ्हाइकाला दिलेली तारीख आपली, त्यातला खर्च आपला, पुरवठादाराने दगा दिला तरी शिव्या आपल्याला. डिझाइनवाला म्हणू शकतो की ड्रॉइंग बरोबर होतं. क्वालिटीवाली म्हणू शकते की मी रिजेक्ट केलं होतं. प्रोग्राम मॅनेजरला असं काहीच म्हणता येत नाही. त्यानंतर येतो पी अँड एल, म्हणजे एखाद्या युनिटचा नफा-तोटा आपल्या नावावर. ज्याने तो कधी सांभाळला नाही त्याला बोर्ड मोठी खुर्ची सहसा देत नाही, मग तो कितीही हुशार असो. क्वालिटी, एचआर, लीगल इथली माणसं फार वर चढतात आणि शेवटच्या पायरीवर अडकतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. तू आत्ता तिथेच उभी आहेस, म्हणून एवढं खोलात सांगते आहे.

बरं, अमेरिका. इथे तुझे डोळे आधीच उघडलेले बरे. तिथल्या संरक्षण आणि अवकाश कंपन्यांवर आयटार नावाचा निर्यात-नियंत्रणाचा नियम आहे. त्या तंत्रज्ञानाची माहिती परदेशी माणसाला दाखवणं हीसुद्धा निर्यात धरली जाते. त्यामुळे स्पेसएक्ससारख्या कंपनीच्या जाहिरातींत तुला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असावं अशी अट दिसेल. स्टुडंट व्हिसावर एमएस केलेली कितीतरी हुशार पोरं एरोस्पेसची डिग्री घेऊन शेवटी मोटारीच्या नाहीतर सॉफ्टवेअरच्या कंपनीत गेली. गुप्त कामं करणाऱ्या कंपनीत अगदी वरच्या खुर्चीसाठी तर नागरिकत्व हवंच. सॉफ्टवेअरमध्ये आपली माणसं सीईओ झाली तो रस्ता लॉकहीडच्या दारापर्यंत जात नाही. एमएस करायचंच असेल तर मटेरियल, कॉम्पोझिट, कंट्रोल्स यासाठी खुशाल कर. पण घर गहाण टाकून नको आणि ती डिग्री म्हणजे रॉकेट कंपनीचं तिकीट असं समजून तर मुळीच नको.

जिथे हे कुंपण पातळ आहे तिथे काय होतं, त्याचं एक उदाहरण. हनीवेल या अमेरिकी कंपनीचे प्रमुख विमल कपूर. पतियाळाच्या थापरमधून शिकले, १९८९ ला हनीवेलमध्ये लागले आणि जून २०२३ ला सीईओ झाले. मधली काही वर्षं त्यांनी हनीवेलची भारतातली ऑटोमेशन कंपनी चालवली, जिचं मुख्यालय आपल्या पुण्यात हडपसरला आहे. त्यांची मूळची लाइन विमानाची नव्हे, कारखान्यांच्या ऑटोमेशनची. तरी कॉकपिटमधली उपकरणं बनवणारा एवढा मोठा विभाग त्यांच्या हाताखाली आला.

एचएएल. तुझ्या घरात हे नाव देव्हाऱ्यात असणार, म्हणून जपून बोलते. तिथला रस्ता सगळ्यांत सरळ आणि सगळ्यांत लांब. आर. माधवन १९८२ मध्ये मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून लागले आणि २०१८ ला सीएमडी, म्हणजे अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक, झाले. छत्तीस वर्षं. डी. के. सुनील १९८७ ला ट्रेनी, २०२४ ला सीएमडी. सदतीस वर्षं. अध्यक्ष निवडताना दिल्लीतलं सार्वजनिक उपक्रम निवड मंडळ मुलाखत घेतं, मग फाइल वर जाते. साठीला निवृत्ती. म्हणजे तुझी जन्मतारीख, तेव्हाची रिकामी जागा आणि तुझी सीनिऑरिटी या तिन्ही गोष्टींची पत्रिका जुळली पाहिजे. तिथे घाई चालत नाही आणि नुसत्या हुशारीने रांग मोडता येत नाही. पण अख्खं विमान बघायला मिळणं ही चैन आपल्या देशात दुसरीकडे फारशी कुठे नाही. मिग गेलं, २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ने निरोप घेतला, बाबांनी टीव्हीवर पाहिलं असेल. त्यानंतर तीन आठवड्यांत, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या नव्या लाइनवरचं पहिलं तेजस मार्क वन-ए लढाऊ विमान उडालं. मॅनेजमेंट किंवा डिझाइन ट्रेनीची जाहिरात निघाली आणि वयात बसत असलीस तर परीक्षा दे. फुकटचा अभिमान म्हणून नको. पहिल्या दहा वर्षांत तीन वेगवेगळ्या विभागांत बदली मागायची तयारी असेल तरच. एकाच हँगरला तीस वर्षं चिकटून बसलेली फार चांगली माणसं मी पाहिली आहेत. ती चांगलीच राहिली.

एमबीए आत्ता नको. कॅट देऊन पंचविशीत गेलीस तर दोन वर्षांनी एखादी बँक नाहीतर कन्सल्टिंग फर्म तुला उचलून नेईल. पगार बघून तूही जाशील, मग विमान राहील स्क्रीनसेव्हरवर. तिशीत, एखादा प्रोग्राम अंगावर घेऊन हात पोळले की मग कर. आयआयएमचे वर्षभराचे कोर्स अनुभवी लोकांसाठीच आहेत. तेव्हा बॅलन्सशीट तुला कोरडी वाटणार नाही, कारण त्यातला इन्व्हेंटरीचा आकडा म्हणजे आपल्या स्टोअरमध्ये पडलेल्या टायटॅनियमच्या सळ्या, हे डोळ्यांसमोर येईल.

चौथा रस्ता तू विचारलाच नाहीस. आपली कंपनी काढायची. न्यूझीलंडचे पीटर बेक यांच्याकडे विद्यापीठाची पदवीच नाही. फिशर अँड पायकेल या घरगुती उपकरणांच्या कंपनीत ते टूल अँड डाय मेकरचे, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवायच्या कामाचे, अप्रेंटिस होते. २००६ ला रॉकेट लॅब काढली, जानेवारी २०१८ ला त्यांचं इलेक्ट्रॉन रॉकेट कक्षेत पोचलं. टूलरूममधून! तुझ्या बाबांना हे वाचून दाखव. आपल्याकडेही २०२० मध्ये अवकाश क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झाल्यावर हैदराबादच्या स्कायरूटने १८ नोव्हेंबर २०२२ ला विक्रम-एस उडवून दाखवलं. तिचे दोन्ही संस्थापक इस्रोतून बाहेर पडलेले. आणि सगळ्यांत जुनं उदाहरण तर घरचंच आहे. बाबा ज्या कंपनीतून निवृत्त झाले तिचं मूळ रोप १९४० साली बंगळुरात लावलं ते सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. ते इंजिनिअर नव्हते, कंत्राटं आणि जहाजं यांत मुरलेले उद्योजक होते. पण तुझ्या पत्रात पैसे उभे करण्याची भूक मला दिसली नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. दिसली तर पुन्हा लिही.

आता माझी चूक. मी एकोणचाळीस वर्षांची होते. तीन वर्षं क्वालिटी हेड. त्या वर्षी आमच्याकडे ब्रॅकेटचा एक लॉट निघाला. दोनशे चाळीस नग. मापं सगळी बरोबर, गेज पास, दिसायला आरशासारखे. डिस्पॅचला लाकडी पेट्या भरून तयार. मी सहज रूट कार्ड, म्हणजे लॉटसोबत फिरणारा नोंदींचा कागद, चाळलं तर हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे भट्टीत तापवून कडक केल्याच्या, सर्टिफिकेटवरचा लॉट नंबर वेगळा. एक आकडा चुकलेला. टायपिंगची चूक असेल, असं सगळे म्हणाले. असेलही. पण ॲल्युमिनियमचा तुकडा भट्टीत गेला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. मी पेट्या उघडायला लावल्या, प्रत्येक नगाची हार्डनेस घेतली. सत्तावीस नग मऊ निघाले. भट्टीत गेलेच नव्हते. दुसऱ्या ट्रेमध्ये राहिले होते. आमचे साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, कारण विमानाने माल पाठवायचा खर्च अंगावर आला. तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलावून सांगितलं, हैदराबादला आपला लहान प्लांट आहे, साठ माणसं, तोट्यात आहे, तू चालव.

मी नाही म्हटलं. मुलगा सातवीत, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, ही कारणं होती आणि ती खोटीही नव्हती. पण घरात सगळे सांभाळून घ्यायला तयार होते. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. चूक पकडणं मला छान जमत होतं आणि चूक ज्याच्या नावावर पडते तो माणूस व्हायची भीती वाटत होती. दोन वर्षांनी पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. माझ्याहून आठ वर्षांनी लहान एक मुलगा तिकडे गेला. पहिल्या वर्षी त्याने दोन गिऱ्हाइकं घालवली, शिव्या खाल्ल्या, तिसऱ्या वर्षी प्लांट नफ्यात आणला. आज तो एका बऱ्या मोठ्या कंपनीचा एमडी आहे. दिवाळीला फोन करतो, अजूनही मॅडम म्हणतो. पुढे मला युनिट मिळालं तेव्हा मी पन्नाशीत होते आणि युनिट चालू गाडीसारखं होतं. नुसतं स्टिअरिंग धरायचं.

म्हणून माझं म्हणणं असं की तुझा मामेभाऊ हसत का होईना, बोलला ते बरोबर. लाइन लीडर हो. बारा-पंधरा ऑपरेटर, पाच-सहा मशीन, संध्याकाळी किती नग गेले, स्क्रॅप किती झाला, कोण न सांगता रजेवर गेला, कुणाचं टूल तुटलं. सगळं तुझ्या नावावर. क्वालिटीतून प्रॉडक्शनला जाणं म्हणजे पायरी उतरणं, असं तुझ्या ऑफिसात लोक म्हणतील. त्यांना म्हणू दे. दोन वर्षं लाइन, मग प्लॅनिंग किंवा प्रोग्राम, मग एखादं गिऱ्हाईक स्वतः सांभाळणं. ग्वेन शॉटवेल स्पेसएक्समध्ये अकराव्या कर्मचारी म्हणून २००२ ला शिरल्या त्या विक्री बघायला, एकही रॉकेट उडालेलं नसताना. मेकॅनिकल इंजिनिअरच त्या. आज कंपनीच्या अध्यक्ष आहेत. गिऱ्हाइकासमोर बसायची लाज आपल्याकडच्या इंजिनिअर मुलींना उगाच असते. ती लवकर घालव.

आणि एक काम आजच. तू जो पार्ट मोजतेस त्यातला एक निवड. तो कुठल्या विमानात, कुठे बसतो ते शोध. कच्चा माल किती किलोचा येतो आणि त्यातला चुरा किती होतो, मशीनचा तास कितीला पडतो, गिऱ्हाईक काय देतं, उरतं काय, हे कागदावर मांड. अकाउंट्सवाले आकडे सहज देणार नाहीत. स्टोअरच्या काकांना चहा पाज, त्यांना सगळं माहीत असतं. बाबांना विचार की हा पार्ट फिटरच्या हातात गेल्यावर त्याला कुठे बोट घालता येत नाही. ड्रॉइंगवर ते लिहिलेलं नसतं.

सोमवारी तो कागद घेऊन प्रॉडक्शन मॅनेजरकडे जा आणि दुसऱ्या पाळीची लाइन माग. पहिली पाळी तुला कुणी देणार नाही, तिथे जुनी खोडं बसलेली असतात. फक्त रात्री साडेअकराला सुटल्यावर घरापर्यंत कंपनीची गाडी मिळणार का, हे आधी एचआरकडून लेखी घे. तोंडी नको. कागद भरणारी आहेस, तुला वेगळं सांगायला नको.

– ताई